रानवाटेवरील सायकल

चंद्रपूर-गडचिरोलीच्या आडवाटांनी सायकलने फिरणाऱ्यास मोठा लाभ होतो तो निःशब्दतेचा. मोटारीच्या घरघरीने जी चितळे केव्हाच पळाली असती, ती वळणाशी चरताना दिसतात. परंतु जी चाहूल चितळास उशिरा लागते, ती वाघासही उशिराच लागते! अवचित गाठ पडणे, हाच खरा धोका. म्हणून वळणापूर्वी घंटा वाजवावी. पहाट व तिन्हीसांज टाळावी. मोहफुले वेचणाऱ्यांस भल्या पहाटे रानात गेल्यावाचून गत्यंतर नसते. हौशी प्रवाशास ती निकड नाही. वाघ समोर आलाच, तर पळत सुटू नये. सायकल आडवी धरून, पाठ न दाखविता, हळूहळू मागे सरावे. उन्हे वर आल्यावर निघून, चामोर्शीनजीक वैनगंगा उत्तरवाहिनी होते त्या मार्कंडा देवस्थानी दुपारचा विसावा घ्यावा.