क्यू वाजतो का? आधी कान द्या!

मंडळी, मागच्या उन्हाळ्यात भाच्याकडे दुबईला गेलो होतो. त्याच्याकडे माझ्या मेहुण्यांचा जुना पूलचा क्यू आहे. मेहुणे मुंबईतले, खेळाचे भारी वेडे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झाले, ती गोष्ट ते आम्हाला शंभरदा सांगत. आता मेहुणे नाहीत, क्यू तेवढा राहिला.

भाचा म्हणाला, "मामा, फटका मारला की खर्र वाजतो. दुकानदार सांगतो पुढची काठीच बदला. काय करू?" मी म्हटलं, "थांब बाबा, आधी बघू तर!"

पूलच्या क्यूची पुढची काठी म्हणजे शाफ्ट. तो बहुधा मेपल लाकडाचा असतो. टोकाला फेरूल नावाची पांढरी टोपी आणि तिच्यावर चामड्याची टिप. दुबईत उन्हाळ्यात बाहेर दमट हवा, घरात एसीची कोरडी. लाकूड ओल पिऊन फुगतं, सुकलं की आकसतं. फेरूल तसं हलत नाही. मग दोघांमधला गोंद हळूहळू सुटतो. क्यू बंद गाडीत उन्हात ठेवला तर विचारायलाच नको!

आम्ही क्यूचे दोन भाग सुटे केले. शाफ्ट दोन बोटांत सैल धरून बोटाने टिचकी मारली. खर्र आलाच. म्हणजे दोष मुठीकडच्या भागात नाही, पुढेच. फेरूलवर खडूची निळी भुकटी चोळून ओल्या फडक्याने पुसली. बारीक चीर असती तर निळी रेघ राहिली असती. नव्हती. मग नखाने टिप हलवली, तर एक कड सुटलेली! शाफ्ट डोळ्यासमोर धरून पाहिला, किंचित बाक होता, पण खेळायला अडचण नाही.

जुनी टिप पातीने काढली. वाळलेला गोंद खरवडून फेरूलचं तोंड सपाट केलं. नव्या टिपेची खालची बाजू पॉलिश पेपरवर घासली, दाट सुपरग्लूचा थेंब लावून दाबून ठेवली. दुसऱ्या दिवशी बाहेर आलेली कड कापली, वरचा भाग गोल केला. शाफ्टवरच्या खोलगट टोच्यावर ओल्या कपड्याची छोटी घडी ठेवली, लाकूड फुगून वर आलं. पूर्ण वाळल्यावर अगदी बारीक कागद हलक्या हाताने फिरवला.

एक सांगून ठेवतो, शाफ्ट गुळगुळीत करायच्या नादात रोज घासू नका. गेलेलं लाकूड परत येत नाही. टिप बदलता येते, फेरूलही बदलतं. पण फेरूलचं काम लेथवाल्या कारागिराकडेच द्यावं.

संध्याकाळी भाच्याने पहिला फटका मारला. स्वच्छ 'टक्' आवाज आला. तो काही बोलला नाही, क्यू पुसून कव्हरात ठेवला, आणि कव्हर गाडीत नाही, घरातल्या कपाटात.