लहान गाडी, मोठं काम: खेळण्यातल्या मोटारींची दुरुस्ती आणि रंगकाम



आज आपण बोलणार आहोत तळहातावर मावणाऱ्या मोटारींबद्दल. पनवेल, उरण, कर्जत, पेण या भागातल्या कितीतरी जणी रोज नवी मुंबईत कामाला जातात. वाशी, नेरूळ, खारघरच्या घरांतली मुलं मोठी झाली की खेळण्यांचा डबा बाहेर निघतो. त्यातल्या चाक निखळलेल्या, रंग उडालेल्या गाड्या मग आपल्या पोरांसाठी घरी येतात. त्याच शहरात काही हौशी माणसं अशाच गाड्या काचेच्या कपाटात मांडतात आणि त्यांच्यासाठी चांगले पैसे मोजतात. दोन्ही गाड्या दिसायला सारख्याच, पण त्यांच्यावर करायचं काम वेगळं. ते कसं ओळखायचं आणि शिकायला सुरुवात कुठून करायची, ते आज पाहू.

आधी गाडीची ओळख करून घेऊ. गाडीच्या तळाला किंवा खोक्यावर १:६४, १:४३, १:१८ असे आकडे असतात. १:६४ म्हणजे खरी गाडी ६४ पट लहान केली. चार मीटरची खरी मोटार असेल, तर ही साधारण सव्वासहा सेंटीमीटरची होते. १:१८ची गाडी २२ सेंटीमीटरची, म्हणजे वितीपेक्षा थोडी मोठी. शिकायला मोठी गाडी सोपी, कारण ब्रश फिरवायला जागा मिळते.

या लहान गाड्यांची एक गोष्ट आपल्याला आवडेल अशी आहे. इंग्लंडमध्ये जॅक ओडेल नावाचे एक कारागीर होते. त्यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती. म्हणून त्यांनी तिच्यासाठी इवलासा रोडरोलर बनवला. त्यातूनच १९५३ साली ‘मॅचबॉक्स’, म्हणजे काडेपेटी, या नावाच्या गाड्या बाजारात आल्या.

हातात जड लागणारी गाडी बहुधा जस्ताच्या मिश्र धातूची असते. वितळलेली धातू साच्यात दाबाने भरून ती घडवतात. तिच्या टपावर लोहचुंबक चिकटत नाही. चिकटला, तर ती लोखंडी पत्र्याची समजा. काचा, सीट आणि पुष्कळदा तळही प्लास्टिकचा असतो. ही पारख महत्त्वाची, कारण धातूला चालणारं औषध प्लास्टिकला चालेलच असं नाही.

पहिला प्रश्न: ही गाडी कोणाच्या हातात जाणार?

ब्रश उचलण्याआधी हा प्रश्न विचारा. उत्तरं तीन असू शकतात.

पहिलं उत्तर, लहान मूल. मूल गाडी तोंडात घालणार, आपटणार. तिथे रंग विषारी नसणं आणि चाक घट्ट असणं महत्त्वाचं. देखणेपण नंतर.

दुसरं उत्तर, गाड्या जमवणारा हौशी माणूस. त्याच्या दृष्टीने कारखान्यातला मूळ रंग, मग तो थोडा उडालेला का असेना, नव्या रंगापेक्षा मोलाचा असतो. जुन्या गाडीला आपण हौसेने नवा रंग दिला, तर तिची किंमत वाढायच्या ऐवजी कमी होते. अशी गाडी फक्त हलक्या हाताने पुसायची. मालकाने स्पष्ट सांगितल्याशिवाय रंगाचं नावही काढायचं नाही.

तिसरं उत्तर, आठवण. वडिलांनी आणलेली, भावाची, लहानपणीची गाडी. इथे माणसाला ती पूर्वी दिसायची तशी हवी असते. जुना फोटो असेल तर मागून घ्या, रंगाची नेमकी छटा विचारा.

कोणाचीही गाडी हातात घेतली की आधी चारही बाजूंनी मोबाईलवर फोटो काढा. काय तुटलं आहे आणि काय करायचं ठरलं, ते दोन ओळींत लिहून ठेवा. पुढचे वाद तिथेच मिटतात.

रंगाआधीची मेहनत

पेण तालुक्यातल्या हमरापूर, जोहे या गावांत गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे काम करणाऱ्या बायकांना मी आज सांगणार ते नवं वाटणार नाही. मूर्ती आधी घासून गुळगुळीत करायची, मग पांढरा हात, मग अंगाचा रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी. गाडीचा क्रमही तोच. घासण्यात आळस केला, तर तो शेवटच्या हातापर्यंत दिसत राहतो.

गाडी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने धुवा. चाकांच्या आसाला केस आणि दोरे गुंडाळलेले असतात. गाडी चालत नाही याचं कारण पुष्कळदा तेवढंच असतं. सुईने आणि चिमट्याने ते काढा. मग एक दिवस पूर्ण वाळू द्या, कारण फटीत पाणी राहिलं की रंगाला फुगे येतात.

गाडी उलटी केली की तळाला एक-दोन गोल डोकी दिसतात. काही गाड्यांना स्क्रू असतात, ते नुसते सोडवायचे. गोल डोकी असतील तर ते रिव्हेट. गाडी फडक्यात गुंडाळून घट्ट धरायची आणि लहान ड्रिलने फक्त डोकं उडेपर्यंतच भोक पाडायचं. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण धातूचा कीस उडतो. पहिल्या दोन-तीन गाड्या न उघडताच रंगवल्या, तरी बिघडत नाही. काचा आणि चाकं मास्किंग टेपने झाका म्हणजे झालं.

मग घासणं. ४०० नंबरचा आणि त्यानंतर ८०० नंबरचा वॉटर पेपर घ्या आणि पाण्यात भिजवूनच घासा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासलं तर ती धूळ नाकात जाते, घरात पसरते. हे काम ओट्यावर करू नका आणि त्यासाठी घरातली वाटी किंवा ताट वापरू नका.

जुना रंग काढायला कोणी कॉस्टिक सोडा सुचवेल. तो वापरू नका. जस्त आणि अॅल्युमिनियम दोन्हींना तो खातो, हातही भाजतो. नेलपॉलिश काढायचं द्रव्य किंवा थिनर प्लास्टिकच्या काचेला लागला, तर काच विरघळून पांधळी होते.

दुरुस्ती

वाकलेला आस दोन पकडींनी हळूहळू सरळ करा. चाक हरवलं असेल तर दुसऱ्या मोडक्या गाडीचं लावा. म्हणून पूर्ण मोडलेली गाडी फेकू नका, ती सुट्या भागांची पेटी म्हणून ठेवा. तुटलेला आरसा किंवा बंपरचा कोपरा एम-सीलने घडवता येतो. सुकल्यावर घासून आकार द्यायचा.

काच बसवताना फेविक्विक वापरू नका. त्याची वाफ प्लास्टिकवर पांढरी साय धरते आणि ती जात नाही. दोन नळ्या एकत्र करून वापरायचा अॅराल्डाइटसारखा डिंक टाचणीच्या टोकाने लावा. आसाला तेलाचा थेंब द्यायचा तो सगळं रंगकाम वाळल्यावर. आधी दिला तर तेलावर रंग धरत नाही.

रंग

जस्तावर रंग थेट टिकत नाही, त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून आधी धातूचा प्रायमर. त्यानंतर नवशिकीने पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक रंग आणि मऊ ब्रश घ्यावा. वास कमी, आगीची भीती नाही आणि चुकलं तर ओल्या फडक्याने पुसता येतं.

स्प्रेच्या डब्याने काम सफाईदार होतं, पण त्याचे नियम पाळा. डबा दोन मिनिटं हलवा. गाडीपासून २० ते ३० सेंटीमीटर लांब धरा. फवारा गाडीच्या अलीकडे सुरू करून पलीकडे थांबवा. एका जाड हाताऐवजी तीन पातळ हात द्या आणि दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. जाड हात दिला की ओघळ येतो. शेवटी दिवे, दाराच्या कडा, नंबरपाटी अशी आखणी करा आणि वर चकाकीचा हात द्या.

आपल्या हवेची एक अडचण आहे. जून ते सप्टेंबर नवी मुंबई आणि सगळ्या कोकणात हवेत ओल फार. अशा हवेत थिनरचा रंग मारला की तो पांढुरका पडतो, भस्म फासल्यासारखा. पावसाळ्यात धुणं, घासणं, दुरुस्ती करून ठेवा आणि रंगासाठी कोरडा दिवस पाहा.

स्प्रे नेहमी उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन मारा. चूल, गॅस, उदबत्ती जवळ नको. डबा उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नका, तो फुटतो. साधा कापडी मास्क थिनरची वाफ अडवत नाही. गरोदर बाई आणि लहान मुलं तिथे अजिबात नकोत.

मुलाच्या गाडीचा रंग

घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्या देशात लागू आहे. पण गॅरेजमध्ये वापरतात तो किंवा कारखान्यांसाठी येणारा रंग या नियमात येत नाही. म्हणून मुलाच्या गाडीला गॅरेजमधला उरलेला रंग लावू नका. डब्यावर शिसं नसल्याचं लिहिलं आहे का ते वाचा. शिसं मुलाच्या मेंदूच्या वाढीला बाधतं, आणि ते पोटात गेल्याचं वरून काहीच दिसत नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला निसटू शकेल असं चाक असलेली गाडी देऊ नका. ते घशात अडकतं.

आणखी एक कायदा लक्षात ठेवा. १ जानेवारी २०२१ पासून खेळणी म्हणून विकायच्या वस्तूंवर आयएसआय खूण लागते. त्यामुळे जुन्या गाड्या रंगवून त्या खेळणी म्हणून बाजारात विकायचा बेत आखू नका. ज्याची गाडी त्याला दुरुस्त करून परत द्यायची, हे काम सुरुवातीला बरं.

हिशेब

यात पैसा आहे का, हे बचत गटात कोणी ना कोणी विचारणारच. समजा, रंग, पेपर, डिंक मिळून ४० रुपये लागले. वाळण्याचा वेळ सोडून हाताचं काम दोन तासांचं. तासाचे ६० रुपये धरले तर १२० झाले. एकूण १६०. तेवढ्यात बाजारात नवी लहान गाडी मिळत असेल, तर साध्या गाडीसाठी गिऱ्हाईक इतके देणार नाही. पैसे मिळतील ते मोठ्या आकाराच्या आणि आठवणीच्या गाड्यांचे. बाकी गाड्या हात बसवण्यासाठी आणि आपल्या पोरांसाठी. आपल्या कष्टाचे तास मात्र हिशेबात दर वेळी लिहा. ते सोडून दिले, तर धंदा नफ्यात दिसतो आणि बाई तोट्यात राहते.

नवी मुंबईला जाणं झालं तर सीबीडी बेलापूरच्या सिडकोच्या अर्बन हाटमध्ये प्रदर्शन असेल तेव्हा चक्कर मारा. लाकडी खेळण्यांचा रंग, त्यावरची चकाकी, कडा कशा आखल्या आहेत ते जवळून पाहा. आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीतली खेळणी तर तुम्हाला ठाऊकच आहेत.

पुढच्या गटाच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली एक मोडकी गाडी आणा. त्या दिवशी रंग नको. फक्त धुवा, चुंबक लावून पाहा, काय तुटलंय ते लिहा आणि गाडी कोणासाठी आहे ते ठरवा. घासायला त्यानंतरच्या बैठकीत बसा. कोणाच्या घरी गणपतीच्या कारखान्यात काम केलेली मावशी, काकू असेल तर तिला आवर्जून बोलवा. तिचा हात बघून जे कळेल, ते माझ्या बोलण्यातून कळणार नाही.