लोहिततीरीचे कवी : हेम बरुआ

आसाम म्हटले की चहाचे मळे, एकशिंगी गेंडा आणि ब्रह्मपुत्रेचा महापूर एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. वाचकहो, त्या प्रदेशातील एखाद्या कवीचे नाव सांगा असे कोणी म्हटले, तर आपल्यापैकी किती जणांना ते सांगता येईल? येथे ज्यांचा परिचय करून द्यावयाचा आहे ते हेम बरुआ असमियातील नव्या कवितेचे एक अग्रणी होते आणि लोकसभेचे तीन वेळा निवडून आलेले सभासदही होते.

त्यांचा जन्म २२ एप्रिल १९१५ रोजी तेजपूर येथे झाला. कलकत्ता विद्यापीठाची इंग्रजी साहित्यातील एम. ए. पदवी संपादन करून १९४१ साली ते जोरहाट येथे महाविद्यालयात अध्यापक झाले. नोकरी स्थिरावते न स्थिरावते तोच बेचाळीसची चळवळ उसळली. तेजपूरच्याच मुलखात, गहपूर व ढेकियाजुली येथे, २० सप्टेंबर १९४२ रोजी पोलीस ठाण्यांवर तिरंगा फडकवावयास निघालेल्या जमावांवर गोळीबार झाला. गहपूरला कनकलता बरुआ ही सतरा वर्षांची मुलगी हाती ध्वज असतानाच कोसळली. हेम बरुआंनीही त्या चळवळीत उडी घेतली व कारावास पत्करला.

पुढे महायुद्ध आसामच्या दाराशी येऊन ठेपले. कोहिमा आणि इंफाळ येथे रणकंदन चालू होते, आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून परदेशी फौजांचे तांडे जात होते. 'गुवाहाटी–१९४४' हे त्यांच्या एका कवितेचे नावच पाहा. चांदणे, फुले आणि विरह यांत रमलेल्या असमिया कवितेत आता सनावळीसह एक शहर अवतरले! मराठीत त्याच दशकात मर्ढेकरांनी जो धक्का दिला, तसाच काहीसा हा प्रकार. या वाटेवरील त्यांचे तरुण सहप्रवासी अमूल्य बरुआ १९४६ च्या कलकत्त्यातील दंगलीत बळी पडले. नवी कविता पुढे नेण्याचा भार उरलेल्यांवर आला.

हेम बरुआंची सर्वांत लोकप्रिय कविता 'ममतार चिठि'. या नावाचे भाषांतर करण्याची गरजच नाही. असमिया 'चिठि' म्हणजे आपली चिठ्ठी. ममता नावाच्या स्त्रीने आपल्या पतीस लिहिलेले हे मुक्तछंदातील पत्र. अशा कवितेपुढे भाषांतरकाराची खरी परीक्षा होते. अवघड शब्दास कोश असतो. बोलण्यातील साधेपणास कोश नसतो.

त्यांचे 'बालिचंदा' (१९५९) आणि 'मन मयूरी' (१९६५) हे दोनच काव्यसंग्रह विशेष नावाजले गेले. गद्यलेखन मात्र विपुल. अमेरिका, रशिया, इस्रायल येथील प्रवासांवर त्यांनी पुस्तके लिहिली. इतर प्रांतीयांस आसाम कळावा म्हणून इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकास त्यांनी 'तांबडी नदी आणि निळी टेकडी' अशा अर्थाचे नाव दिले. तांबडी नदी म्हणजे लोहित, अर्थात ब्रह्मपुत्र. निळी टेकडी म्हणजे कामाख्येचा नीलाचल.

स्वातंत्र्यानंतर ते समाजवादी पक्षात गेले. आसामच्या भूमीत खनिज तेल सापडले, परंतु ते शुद्ध करण्याचा कारखाना बिहारमधील बरौनीस नेण्याचे घाटत होते. त्याविरुद्ध आसामात १९५६-५७ साली मोठे आंदोलन झाले. त्या तापलेल्या वातावरणातच, १९५७ साली, प्रजासमाजवादी पक्षाच्या वतीने हेम बरुआ गुवाहाटीतून लोकसभेवर निवडून आले. अखेर दोन्हीकडे कारखाने निघाले. गुवाहाटीजवळील नूनमाटीचा कारखाना १९६२ च्या पहिल्या दिवशी सुरू झाला.

लोकसभेत त्याच वर्षी, त्याच पक्षातर्फे, कोकणातील राजापूरहून बॅरिस्टर नाथ पै आले होते. देशाच्या दोन टोकांचे हे दोन वक्ते एकाच बाकांवरून सरकारला धारेवर धरीत. चीनच्या सीमेविषयी हेम बरुआ पुन:पुन्हा प्रश्न विचारीत असत. तो त्यांच्या दृष्टीने नकाशावरील रेघेचा वाद नव्हता. नोव्हेंबर १९६२ मध्ये बोमडिला पडले आणि दोन दिवसांत तेजपूर ओस झाले. माणसे मिळेल त्या वाहनाने नदीपार गेली, सरकारी कचेऱ्या रिकाम्या पडल्या, खजिन्यातील नोटा जाळण्यात आल्या. ज्या गावासाठी ते दिल्लीत बोलत होते, ते त्यांचे जन्मगाव होते. आसामला वाऱ्यावर सोडले गेले ही भावना तेथील लोकांच्या मनातून पुढे कित्येक वर्षे गेली नाही.

१९६२ साली ते पुन्हा गुवाहाटीतून, तर १९६७ साली मंगलदै येथून निवडून आले. १९७२ मध्ये धुब्री येथे भरलेल्या असम साहित्य सभेच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले. ९ एप्रिल १९७७ रोजी त्यांचे निधन झाले. बासष्टावा वाढदिवस तेरा दिवसांवर होता.