न दिसणारी कावीळ

कावीळ म्हटली म्हणजे आमच्या नागपूरकडील घरांत जो तो आपापल्या परीनें वैद्य होतो. कोणी उसाचा रस सुचवितो, कोणी दूरच्या खेड्यांतून गळ्यांत घालावयाची माळ आणून देतो. ती माळ दिवसेंदिवस लांबत जाते व तिच्याबरोबर रोग उतरला असें सर्वांस वाटतें. ओल्या काड्या वाळून आकसल्या कीं दोऱ्याच्या गांठी सैल होतात आणि माळ लांबते. इतकेंच तिचें गुपित. 'ए' आणि 'ई' या विषाणूंची कावीळ तर बहुधा आपोआपच बरी होते. आमच्या आजीचा या माळेवर फार विश्वास होता व त्याबद्दल आम्हीं तिला कधीं दोष दिला नाहीं. परंतु आज ज्या विकाराविषयीं आम्ही लिहीत आहों, त्यांत डोळे बहुधा पिवळे होतच नाहींत आणि अन्नावरची वासना जात नाहीं. वर्षानुवर्षें कांहीं दिसत नाहीं. मग माळेनें उतरवावें तरी काय?

आमचे थोरले बंधु १९८८ सालीं अपघातांत सांपडले. शस्त्रक्रियेच्या वेळीं त्यांस तीन बाटल्या रक्त द्यावें लागलें. 'सी' विषाणु ओळखला गेला तो १९८९ सालीं; तेव्हां ज्या रक्तानें दादांचा जीव वांचला, त्यांत आणखी काय आहे हें जगांतील कोणत्याही प्रयोगशाळेस सांगतां आलें नसतें. पुढें पंधरा वर्षें ते नोकरी करीत राहिले. २००३ सालीं वडिलांच्या पुण्यतिथीस दादांनीं रक्तदान केलें आणि चार दिवसांनीं त्यांस रक्तपेढींतून बोलावणें आलें.

त्याच रात्रीं आमच्या धंतोलीवरील घरांत दादांचें ताट वेगळें झालें. तें कोणीं केलें हें येथें सांगण्याचें कारण नाहीं. करणाऱ्याच्या मनांत मुलांची काळजीच होती. सोंवळेंओंवळें आमच्याकडे केव्हांच सुटलें होतें, पण भीतीचें सोंवळें त्याहून कडक असतें, हें तेव्हां कळलें. दादा कांहीं बोलले नाहींत. आपलें ताट आपण घासून ते मोरीजवळ उपडें घालीत.

वास्तविक 'बी' व 'सी' हे विषाणु ताटानें, पाण्यानें किंवा एका पंगतीस बसल्यानें लागत नाहींत. त्यांची वाट मुख्यतः रक्तावाटे आहे. दाढीचें पातें, दांत घासण्याचा ब्रश, सुई, गोंदणें, यांस जपावयाचें. 'बी' हा त्याखेरीज प्रसूतीच्या वेळीं आईपासून मुलास आणि पतिपत्नींत एकमेकांस सहज लागतो. म्हणून मूल जन्मतांच पहिल्या चोवीस तासांत त्याची लस टोंचवावी. 'सी'वर मात्र अद्यापि लस नाहीं. विदर्भांत सिकलसेलचे रोगी पुष्कळ. त्यांस आणि थॅलॅसेमियाच्या मुलांस वरचेवर दुसऱ्याचें रक्त घ्यावें लागतें, त्यामुळें हा प्रश्न आमच्याकडे केवळ पुस्तकी नाहीं.

उपचारापूर्वीं डॉक्टरांनीं यकृताचा तुकडा काढला. उजव्या बरगड्यांमधून सुई जाते. रोग्यानें श्वास सोडून क्षणभर रोखावयाचा असतो, आणि सुईंतून शिवणाच्या दोऱ्याएवढा, फार तर बोटाच्या पेरासारखा लांब असा तुकडा हातीं येतो. तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला म्हणजे पंधरा वर्षांचा इतिहास वाचतां येतो. आमच्या विनंतीवरून डॉक्टरांनीं तो आम्हांसही दाखविला. पेशींच्या गुलाबी रांगांमध्यें निळ्या काळ्या ठिपक्यांचे थवे दिसले. तीं शरीराचीं स्वतःचीं लढाऊ पेशी-पथकें. विषाणूनें व्यापिलेल्या पेशी मारावयास तीं येतात, आणि यकृताचें बरेंचसें नुकसान विषाणूपेक्षां या लढाईनेंच होतें. शेजारीं एरवीं 'अ' जीवनसत्त्व सांठवून स्वस्थ पडलेल्या तारकाकृति पेशी असतात. दाह लांबला कीं त्या जाग्या होऊन चिवट तंतु विणूं लागतात. ते एका रक्तवाहिनीपासून दुसरीपर्यंत पुलाप्रमाणें पोंचतात, आणि पुलांनीं यकृताच्या गांठी वेढल्या गेल्या कीं त्यासच सिऱ्होसिस म्हणतात. दादांच्या तुकड्यांत पूल बांधले गेले होते; गांठी झाल्या नव्हत्या.

इंटरफेरॉन हें शरीरांतलेंच द्रव्य. १९५७ सालीं लंडनांत आयझॅक्स व लिंडेनमान यांस असें आढळलें कीं, कोंबडीच्या अंड्यांतील पटलास निर्जीव केलेला इन्फ्लुएंझाचा विषाणु लावला, तर त्यांतून असें कांहीं निघतें कीं शेजारच्या पेशी जिवंत विषाणूस दाद देत नाहींत. घरांत चोर शिरल्यावर एकानें हांक मारावी आणि आळींतील सर्वांनीं दारांस अडसर घालावे, तसें तें आहे. 'सी'च्या दुखण्यावर अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली ती १९९१ सालीं. पुढें त्याच्या जोडीस रिबाव्हिरिनच्या गोळ्या आल्या व आठवड्यास एकच टोंचणी पुरेल असा त्याचा प्रकार निघाला.

दादांचा विषाणु तिसऱ्या जातीचा, म्हणजे हिंदुस्थानांत विशेष आढळणारा व या औषधास त्यांतल्या त्यांत वश होणारा निघाला. म्हणून चोवीस आठवड्यांवर भागलें. खर्चापायीं आमची एक ठेव मोडली, तें असो. प्रत्येक शुक्रवारीं सुई आणि रात्रभर हुडहुडी. केंस विरळ झाले, रक्तांतील लोह... नव्हे, हिमोग्लोबिन उतरलें. ज्यांचा आवाज आम्हीं कधीं चढलेला ऐकला नव्हता, त्या दादांनीं एके दिवशीं तें वेगळें ताट अंगणांत भिरकावलें व नंतर आठ दिवस ते कोणाशीं बोलले नाहींत. आम्हीं समजलों, अपमान उफाळून आला. या औषधानें मन खचतें, चिडतें, कित्येकांस जीव नकोसा होतो, हें डॉक्टरांनीं आरंभींच बजावलें होतें. आम्ही तें विसरलों होतों. वहिनींस मात्र आठवलें. त्यांनीं दुसऱ्याच दिवशीं डॉक्टरांस गांठलें, औषधाची मात्रा बदलली गेली, आणि त्या संध्याकाळीं वहिनी दादांच्याच ताटांत जेवल्या. घरांत कोणी चकार शब्द काढला नाहीं. वेगळें ताट पुढें तुळशीखालीं पाणी धरण्यास लागलें.

उपचार संपल्यावर सहा महिन्यांनीं रक्तांत विषाणु सांपडला नाहीं. २०१० सालीं पित्ताशयांतील खड्यांसाठीं शस्त्रक्रिया झाली, तेव्हां यकृताचा पुनः एक तुकडा घेतला. ठिपक्यांचे थवे पांगले होते. पूल बारीक होऊन जागोजाग तुटले होते. एकदां विणलेले तंतु उलगडत नाहींत असें पूर्वीं मानीत. २००२ सालीं प्वानार या फ्रेंच वैद्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं इंटरफेरॉन घेतलेल्या ३०१० रोग्यांचे तुकडे आधीं व नंतर ताडून पाहिले. आरंभीं सिऱ्होसिस असलेल्या १५३ जणांपैकीं ७५ जणांत तो मागें हटला होता. उरलेल्यांत हटला नाहीं, हेंही तितकेंच ध्यानांत ठेवावें.

'सी'साठीं आतां इंटरफेरॉनची गरज क्वचितच पडते. २०१३ च्या अखेरीस सोफोस्बुव्हिर आलें. बहुतेकांस बारा आठवडे गोळ्या घेऊन पूर्ण गुण येतो, आणि २८ जुलै २०१८ रोजीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत त्या सरकारी रुग्णालयांतून विनामूल्य मिळतात. 'बी'ची गोष्ट निराळी: त्याचें बीज पेशीच्या गाभ्यांत दडून राहतें, म्हणून गोळ्या बहुधा वर्षानुवर्षें घ्याव्या लागतात. ज्यांनीं जुन्या काळीं रक्त घेतलें असेल, त्यांनीं एकदां रक्त तपासून घ्यावें अशी आमची विनंती आहे.

विषाणु गेला तरी ज्या यकृतांत पूल बांधले गेले होते, त्यांत कर्करोगाची भीति अल्प प्रमाणांत उरते. म्हणून दादा दर सहा महिन्यांनीं सोनोग्राफीस जातात. त्या दिवशीं उपाशीं राहावें लागतें याबद्दल ते सकाळपासून कुरकुरतात, आणि परत आले कीं वहिनी आधीं पोहे पुढें ठेवितात व मग रिपोर्ट विचारतात.