जीपचा मागील ॲक्सल : बळकटीची संकल्पना आणि बुलडाणा जिल्ह्यातील वापर

प्रस्तावना

बुलडाणा जिल्ह्याची भूरचना वाहनांच्या दृष्टीने सोपी नाही. उत्तरेस सातपुड्याचा पायथा, मध्यभागी पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळी जमीन आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठार असे तिचे ढोबळ स्वरूप आहे. मुंबई–नागपूर लोहमार्गावर मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानके असली तरी जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या बुलडाणा शहरात रेल्वे नाही. मलकापूरकडून येणाऱ्यास राजूर घाट आणि खामगावकडून सरळ येणाऱ्यास ज्ञानगंगा अभयारण्यातील बोथा घाट चढावा लागतो. पावसाळ्यात शेताकडे जाणाऱ्या पांदण रस्त्यांची काय अवस्था होते, हे येथील वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

अशा प्रदेशात जीप रुजली यात नवल नाही. १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने स्थापन झालेल्या आणि १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झालेल्या कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. पुढे याच वंशातील जीप सरकारी खात्यांत, शेतकऱ्यांच्या घरी आणि प्रवासी वाहतुकीच्या ‘काळी-पिवळी’त दिसू लागली. या वाहनांच्या बाबतीत गॅरेजमध्ये एक मागणी वारंवार ऐकू येते : “मागचा ॲक्सल जाड टाकून द्या.” ही मागणी अनाठायी नाही, परंतु ॲक्सल किती जाड असावा, या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न विचारावयास हवा. तो तुटलाच, तर चाकाचे काय होईल? प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाच्या अनुषंगाने विवेचन केले आहे.

बैलगाडीचा आस आणि जीपचा ॲक्सल

बैलगाडीचा आस फिरत नाही. तो गाडीच्या साट्याखाली स्थिर असतो आणि चाके त्याच्या टोकांवर फिरतात. ओढण्याचे काम बैलांचे. आसाने फक्त भार पेलायचा. म्हणून तो वाकू शकतो, मोडू शकतो, पण त्याला पीळ बसत नाही.

जीपच्या मागील ॲक्सलचे काम दुहेरी आहे. इंजिनाची शक्ती गिअरबॉक्स व प्रोपेलर शाफ्टमधून मागे येते. तेथे क्राऊन-पिनियन तिची दिशा बदलतात आणि डिफरन्शियल ती दोन बाजूंच्या ॲक्सल शाफ्टमध्ये विभागते. म्हणजे शाफ्टला पीळ सोसावाच लागतो. प्रश्न आहे तो वजनाचा. ते कोणी पेलायचे?

याची दोन उत्तरे अभियंत्यांनी दिली आहेत. पहिल्या प्रकारात चाक थेट शाफ्टच्या बाहेरील टोकावर बसवलेले असते. शाफ्टला हौसिंगच्या टोकाशी एका बेअरिंगचा आधार असतो. येथे शाफ्ट पीळही सोसतो आणि वाकही. यास सेमी-फ्लोटिंग, म्हणजे अर्ध-तरंगता ॲक्सल म्हणतात. दुसऱ्या प्रकारात चाकाचा हब दोन बेअरिंगांच्या साहाय्याने थेट हौसिंगच्या टोकावर बसतो. वजन हौसिंग पेलते आणि शाफ्ट केवळ पीळ पोहोचवतो. हा फुल-फ्लोटिंग, अर्थात पूर्ण-तरंगता ॲक्सल होय. ट्रकच्या मागील चाकाच्या मध्यभागी बाहेर आलेली, बोल्टांनी जखडलेली चकती आपण सर्वांनी पाहिलेली असते. ती याच प्रकारच्या शाफ्टची. पूर्ण-तरंगत्या ॲक्सलचे हौसिंग हे एका अर्थी बैलगाडीच्या आसाचेच काम करते, हे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सांगितले की संकल्पना चटकन उमजते.

दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी जीपचा मागील ॲक्सल पूर्ण-तरंगता होता. युद्धानंतरच्या नागरी सीजे मालिकेत लवकरच अर्ध-तरंगता ॲक्सल आला. तो हलका, स्वस्त आणि सामान्य वापरास पुरेसा असतो. मात्र वाहनावर किती माणसे बसणार, हे त्याच्या रचनाकारांना ठाऊक नव्हते, असे काळी-पिवळीच्या मागे लोंबकळणारे प्रवासी पाहिल्यावर म्हणावेसे वाटते.

भार, पीळ आणि झटका

‘इंजिन ताकदीचे बसवले म्हणून ॲक्सल तुटला’ असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. सीजे-३बी जीपमध्ये पहिला गिअर २.७९८, ट्रान्सफर केसची लो रेंज २.४६ आणि ॲक्सलचे गुणोत्तर ५.३८ होते. यांचा गुणाकार सुमारे ३७ येतो. म्हणजे इंजिनाचा पीळ सदतीस पट होऊन ॲक्सलकडे जाऊ शकतो. लहान इंजिनासही शाफ्ट मोडण्यास हे पुष्कळ झाले. पण प्रत्यक्षात तेवढा पीळ शाफ्टपर्यंत पोहोचत नाही, कारण त्याआधी चाक घसरते. चाक कधी घसरेल, हे त्यावरील वजन, जमिनीशी होणारे घर्षण आणि टायरची त्रिज्या ठरवतात.

उदाहरणार्थ, मागील ॲक्सलवर ९०० किलो भार आहे असे मानू. प्रत्येक चाकावर ४५० किलो येतील. घर्षणांक ०.८ आणि टायरची त्रिज्या ०.३६ मीटर धरल्यास एका शाफ्टवर जास्तीत जास्त सुमारे १,२७० न्यूटन-मीटर पीळ येईल. हाच भार १,५०० किलो केला आणि मोठे टायर बसवून त्रिज्या ०.४० मीटर केली, तर तो सुमारे २,३५० न्यूटन-मीटर होतो, म्हणजे जवळजवळ १.८५ पट. इंजिन मात्र तेच आहे! शाफ्टचे पिळास तोंड देण्याचे सामर्थ्य व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे व्यास १० टक्क्यांनी वाढवल्यास सामर्थ्य ३३ टक्क्यांनी वाढते. वरील उदाहरणातील वाढ भरून काढण्यासाठी व्यास सुमारे २३ टक्के अधिक हवा. मिस्त्री जाड शाफ्टचा आग्रह धरतात, त्यामागील गणित हे असे आहे.

या हिशेबात झटका मात्र धरलेला नाही, आणि आपल्याकडे शाफ्ट बहुधा झटक्यानेच मोडतो. ओल्या काळ्या मातीत चाक जागच्या जागी वेगाने फिरत राहते. चालक ॲक्सिलरेटर सोडत नाही. मातीखालच्या मुरमाला किंवा दगडाला टायरची एकदम पकड मिळते आणि फिरणाऱ्या भागांतील सारी गतिज ऊर्जा क्षणार्धात शाफ्टवर कोसळते. साध्या डिफरन्शियलमध्ये पीळ दोन्ही बाजूंना सारखा विभागला जातो. डिफरन्शियल लॉक बसवलेले असेल आणि एकच चाक पकड घेत असेल, तर सगळा पीळ एका शाफ्टवर येतो. जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढचा ॲक्सल जोडल्याखेरीज लो रेंज पडू नये अशी अंतर्गत अटकाव-योजना होती. मागील ॲक्सल एकटा पडू नये, हा त्यामागील हेतू होय. ही योजना काढून टाकून नंतर ॲक्सलच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही.

घाटात शाफ्ट तुटल्यावर

अर्ध-तरंगता शाफ्ट आतील स्प्लाइनपाशी तुटला तर बहुधा वाहन जागेवर थांबते, इतकेच. तो बेअरिंगच्या बाहेरील बाजूस तुटला, तर चाक ब्रेक ड्रमसह निखळू शकते. ड्रम गेला की ब्रेक दाबताच व्हील सिलिंडरमधील पिस्टन बाहेर येतात आणि ब्रेक ऑइल वाहून जाते. जुन्या जीपमध्ये चारही चाकांचे ब्रेक एकाच नळीमार्गावर चालत. त्यामुळे उरलेल्या तीन चाकांचे ब्रेकही जातात. चालक हँडब्रेक ओढतो. परंतु विलीज धाटणीच्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. एक शाफ्ट तुटल्यावर डिफरन्शियलमुळे तो रोध शाबूत चाकापर्यंत पोहोचत नाही. इंजिनाचा रोधही त्याच कारणाने व्यर्थ ठरतो. पुढचा ॲक्सल जोडलेला असता तर काही आधार मिळाला असता. पण प्रवासी वाहतुकीच्या पुष्कळशा जीपना पुढील चाकांची ओढ नसतेच. राजूर घाटाच्या उतारावर या साखळीचा अर्थ काय होतो, याची कल्पना करता येईल.

पूर्ण-तरंगत्या ॲक्सलमध्येही शाफ्ट तुटतो आणि असा हँडब्रेक तेथेही निकामी होतो. पण चाक हौसिंगवर टिकून राहते आणि पायाचा ब्रेक चालू राहतो. जाडीपेक्षा हा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

ॲक्सल बदलताना

दुसऱ्या वाहनाचा ॲक्सल बसवणे म्हणजे चार बोल्ट आवळणे नव्हे. पाट्यांच्या बैठका नव्याने वेल्ड कराव्या लागतात आणि अति उष्णतेने हौसिंगची नळी वाकडी होते. पिनियनचा कोन चुकला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस लवकर झिजतो. चारही चाकांना ओढ असलेल्या जीपमध्ये पुढील व मागील गुणोत्तर एकच हवे. पुढे ५.३८ आणि मागे ४.८८ असेल, तर पुढचे चाक १०० फेरे घेत असताना मागचे ११० घेऊ पाहते. चिखलात हे खपते. कठीण रस्त्यावर सारी यंत्रणा पिळून निघते. ब्रेकचा आकार बदलल्यास पुढील-मागील चाकांतील रोधाचा तोल ढळतो. शिवाय ॲक्सल बळकट झाला की दुबळेपणा पुढच्या कडीकडे सरकतो : क्रॉस, गिअरबॉक्स, पाटे. तुटलेला शाफ्ट तासाभरात बदलता येतो, गिअरबॉक्स नाही.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली. नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, असे बंधन त्यातून आले. केरळमधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हीच भूमिका कायम केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदलास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘एमएच २८’ क्रमांकाची काळी-पिवळी जाड ॲक्सल टाकून अधिक माणसे वाहू लागली, तरी तिची नोंदणीकृत भारमर्यादा वाढत नाही. अपघातानंतर विमा कंपनीशी वाद उद्भवतो तो याच मुद्द्यावर.

मूळ तपशिलाचाच नवा शाफ्ट, बेअरिंग व ऑइल सील बसवण्यास मात्र या कलमाची आडकाठी नाही. शाफ्ट काढल्यावर स्प्लाइन पाहाव्यात. त्या सरळ न राहता मळसूत्रासारख्या वळल्या असतील, तर तो शाफ्ट मोडण्याच्या बेतात आहे. मागील ड्रमच्या आतील बाजूस गिअर ऑइलचे ओघळ दिसले, तर सील गेले आहे आणि बहुधा बेअरिंगही झिजले आहे. झिजलेल्या बेअरिंगवर चाक डोलते आणि प्रत्येक फेऱ्यात शाफ्ट थोडा थोडा वाकतो. जॅक लावून चाक वर-खाली हलवल्यास हा डोल हाताला कळतो. पाच मिनिटांची ही तपासणी घाट उतरण्यापूर्वी, मलकापूर वा बुलडाण्याच्या स्टँडवरच करता येते.