दोन वर्षं कॉलेजात, पुढची विद्यापीठात

कम्युनिटी कॉलेज : दोन वर्षांचं सार्वजनिक महाविद्यालय. अमेरिकेतलं सर्वांत जुनं म्हणजे इलिनॉयमधलं जोलिएट, स्थापना १९०१. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत.

विद्यापीठात बदली : ६० सेमिस्टर युनिट किंवा ९० क्वार्टर युनिट जमली की थेट तिसऱ्या वर्षाला. कॉलेजातला कोणता विषय कोणत्या विद्यापीठात धरला जातो, हे ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर कळतं. ही पडताळणी पहिल्याच सत्रात झालेली बरी.

हमीचा प्रवेश : युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा ठिकाणी, ठरावीक गुण व विषय असतील तर. अर्ज सप्टेंबरात, तोही एकाच ठिकाणी. काही अभ्यासक्रम मात्र हमीबाहेर.

बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो : हमी नाही, थेट स्पर्धा.