हिरवळ, पाणी आणि हाताने ढकलायचे यंत्र

पावसाळा स्थिरावला की शाळेच्या, सोसायटीच्या किंवा बंगल्याच्या आवारातील हिरवळ पाहता पाहता घोट्यापर्यंत वाढते आणि ती कापायची कशी, हा प्रश्न उभा राहतो. वीज आणि पेट्रोल यांवर चालणारी यंत्रे बाजारात मुबलक आहेत. मात्र, दोनशे-तीनशे चौरस मीटरपर्यंतच्या हिरवळीसाठी हाताने ढकलायचे साधे यंत्र आजही सर्वांत किफायतशीर ठरते. त्याला इंधन लागत नाही, वीज गेली तरी काम अडत नाही आणि नीट राखले तर ते वर्षानुवर्षे टिकते.

या यंत्राचा जन्म कापड गिरणीच्या तंत्रातून झाला. विणलेल्या लोकरी कापडावरील लव एकसारखी छाटण्यासाठी गिरण्यांत फिरत्या पात्यांचे यंत्र वापरले जाई. इंग्लंडमधील स्ट्राउड परगण्यातील एडविन बियर्ड बडिंग याने तेच तत्त्व गवताला लावले आणि १८३० मध्ये त्याचे पेटंट घेतले. खेड्यातील सद्गृहस्थांना हे यंत्र चालवताना करमणूक आणि व्यायाम दोन्ही साधतील, अशी ग्वाहीही त्याने त्यात देऊन ठेवली. बडिंगचे यंत्र ओतीव लोखंडाचे आणि चांगलेच जड होते, हे लक्षात घेता व्यायामाविषयीचे विधान तरी निःसंशय खरे मानावे लागेल. पुढे मोठ्या मैदानांसाठी जनावरांनी ओढायची यंत्रे निघाली. आपल्याकडे हे काम बैलांनी केले.

यंत्राची रचना सोपी आहे. पाच-सहा पिळदार पाती बसवलेले एक रीळ चाकांच्या गतीने फिरते. त्याच्या खाली एक स्थिर पाते असते. गवताची काडी या दोहोंमध्ये सापडते आणि कात्रीत सापडावी तशी कापली जाते. पेट्रोलच्या यंत्राचे पाते काडीला वेगाने तडाखा देऊन तोडते. त्यामुळे पाते बोथट असल्यास काडीचे टोक चिरफाळते आणि दोन दिवसांत पिवळे पडते. कात्रीच्या कापाने ते टळते. चाकाच्या आत दातेरी चक्र आणि एक लहानशी खिटी असते. यंत्र पुढे ढकलले की खिटी अडकून रीळ फिरते, मागे ओढले की ती खटखट करीत सुटते. चाके फिरतात, पण रीळ जागचे हलत नाही, अशी तक्रार असेल तर बहुधा ही खिटी झिजलेली असते किंवा साफसफाईनंतर उलटी बसलेली असते.

धार नव्हे, तर दोन पात्यांमधील अंतर हा या यंत्राचा प्राण होय. ते तपासण्यासाठी वर्तमानपत्राची पट्टी पुरते. पट्टी स्थिर पात्यावर धरून दुसऱ्या हातातील लाकडी काठीने रीळ हळूहळू फिरवावे. बोटे पात्यांपासून दूर ठेवावीत. हाताने फिरवलेले रीळदेखील बोट कापण्यास पुरेसे असते. पट्टी सर्व लांबीवर स्वच्छ कापली गेली तर अंतर बरोबर. ती नुसतीच दुमडली तर दोन्ही बाजूंचे स्क्रू अगदी थोडे, पाव आट्याहून अधिक नाही, असे आळीपाळीने फिरवावेत. पाती गच्च आवळण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने यंत्र जड चालते आणि पाती एकमेकांना खाऊ लागतात.

एवढे करूनही कागद कापला जात नसेल तरच धार लावावी. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात व्हॉल्व्ह घासण्याची पेस्ट मिळते. ती पात्यांच्या कडांना लावावी, एका बाजूचे चाक काढावे आणि रीळ उलट दिशेने काही मिनिटे फिरवावे. नंतर पेस्ट पूर्णपणे धुऊन, पाती पुसून अंतर पुन्हा जुळवावे.

कापणीपूर्वी जमीन पायाखालून घालून खडे वेचावेत. मुरमाड जमिनीत हे विशेष आवश्यक आहे, कारण एक खडादेखील पात्याला खाच पाडतो. गवत कोरडे असावे. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये. तीन सेंटीमीटरची हिरवळ हवी असेल तर ती साडेचारला पोचताच यंत्र बाहेर काढावे. गुडघाभर वाढलेल्या गवतावर हे यंत्र चालत नाही. काड्या कापल्या न जाता आडव्या होतात. तेथे आधी विळाच घ्यावा. काम झाल्यावर पाती ब्रशने झाडून, पुसून त्यांवर तेलाचा हात फिरवावा.

येथवरचे सारे पुण्या-मुंबईला लागू पडते. बीड जिल्ह्यातील आष्टीसारख्या ठिकाणी (वर्धा जिल्ह्यातील आष्टी वेगळी) मात्र हिशेब पाण्यापासून सुरू होतो. हा तालुका पर्जन्यछायेतील, वारंवार अवर्षणाला तोंड देणारा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात दररोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले तर शंभर चौरस मीटरच्या हिरवळीला ५०० लिटर लागतात. दहा हजार लिटरचा टँकर वीस दिवसांत संपतो. ज्या जिल्ह्यात २०१९ च्या उन्हाळ्यात जनावरांसाठी चारा छावण्या उभाराव्या लागल्या, तेथे शोभेच्या गवतावर असा खर्च करणे समर्थनीय नाही.

तरीही आवारात हिरवळ हवीच असेल तर विदेशी गवताच्या मागे न लागता आपली हरळी लावावी. पाणी तुटले की ती वरून तपकिरी पडते, परंतु जमिनीतील कांड्या जिवंत राहतात आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर पुन्हा फुटतात. म्हणून फेब्रुवारीपासून कापणी विरळ करावी, उंची थोडी वाढवावी आणि कडक उन्हाळ्यात यंत्र तेल लावून ठेवून द्यावे. वरचा वाळलेला थर मातीला सावली देतो, तो खरवडून काढू नये.

कापलेले गवत कचऱ्यात टाकणे तर सर्वथा गैर. बारीक तुकडे हिरवळीवरच पडू दिले तर ते कुजून जमिनीला नत्र परत देतात. शेळ्यांना घालायचे असल्यास ताजे असतानाच, थोडे थोडे घालावे. ढीग करून ठेवलेले गवत काही तासांत तापते आणि आंबते. असे गवत, तसेच तणनाशक फवारलेले गवत जनावरांपुढे टाकू नये.